विश्लेषण : दाखल्यावरचा बाप आणि घरातला बाप, वडील असणे म्हणजे नेमके काय?

शाळेच्या अर्जावरील ‘वडिलांचे नाव’ या रकान्याची एक जुनी गोष्ट सोलापूर जिल्ह्यातली आहे. साठ वर्षांत कायदा बदलला, अर्ज बदलले. नाव, रक्त, खर्च, ताबा आणि वेळ या पाच बाबतींत वडिलांची जागा आज नेमकी कुठे आहे?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शाळांच्या दारात पालकांची रांग लागते. हातात जन्मदाखला, आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो असतात. अर्ज हातात पडला की वडिलांच्या नावाचा रकाना लगेच समोर येतो. बहुतेक घरांत तो भरायला पाच सेकंदही लागत नाहीत. काही घरांत मात्र पेन नेमके तिथेच थांबते. वडील घर सोडून गेलेले असतात, आईवडिलांचा दावा कोर्टात सुरू असतो किंवा नाव लावायला वडीलच तयार नसतात.

याच महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ‘फादर्स डे’ येतो. अमेरिकेतील स्पोकेन शहरात १९ जून १९१० रोजी तो पहिल्यांदा साजरा झाला. सोनोरा स्मार्ट डॉड या मुलीला आपल्या वडिलांचा सन्मान व्हावा असे वाटत होते. आई गेल्यावर वडिलांनीच सगळ्या भावंडांना वाढवले होते. आता त्या दिवशी स्टेटसला वडिलांचे फोटो लागतात. पण वडील म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न स्टेटसवर सुटत नाही. तो दाखल्यावर, कोर्टात आणि घरातच सोडवावा लागतो.

हन्नूरच्या शाळेत काय घडले?

अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर हे लेखक शरणकुमार लिंबाळे यांचे गाव. त्यांची जन्मतारीख १ जून १९५६. त्यांची आई महार समाजातील, तर वडील लिंगायत पाटील. दोघांचे लग्न झालेले नव्हते. पाटलाने या मुलाला आपले मानले नाही.

मूल शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा वडिलांच्या रकान्यात काय लिहायचे, हा पेच मुख्याध्यापकांसमोर उभा राहिला. त्यांनी पाटलाचा विरोध जुमानला नाही आणि जन्मदात्याचेच नाव लावले. आज लिंबाळे हे आडनाव मराठी वाचकांना माहीत आहे, त्यामागे एका खेड्यातील शिक्षकाने रजिस्टरवर लिहिलेली ती ओळ आहे.

पण नाव लागल्याने प्रश्न संपला नाही. पुढे सवलतीच्या अर्जावर सरपंचांची सही हवी होती. या मुलाची ओळख काय म्हणून द्यायची, हे सरपंचांनाही कळेना. आई एका जातीची, बाप दुसऱ्या जातीचा आणि घरात सांभाळ करणारा माणूस तिसऱ्याच धर्माचा. लग्नाच्या वेळी पुन्हा हाच प्रश्न आडवा आला. हे सगळे लिंबाळे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात लिहिले. त्यांचे पुढे नाव झाले. ‘सनातन’ या कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला.

‘अक्करमाशी’ हा शब्द सोनाराच्या तराजूतून आला आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा माशांचे ते तोळ्याला एक मासा कमी, म्हणजे खोट असलेले. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला गावाने हा शब्द शिवीसारखा लावला. कमी पडलेला तो एक मासा म्हणजे बापाची कबुली. बापाने कबुली दिली नाही आणि खोटा ठरवला गेला तो मुलगा.

मधले नाव वडिलांचेच का?

मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात. आधी स्वतःचे, मग वडिलांचे, मग आडनाव. लग्नानंतर बाईच्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो. हजेरीपटावर, सातबाऱ्यावर, मतदार यादीत ही रचना इतकी रुळली आहे की ती निसर्गाचा नियमच वाटते.

सोलापुरात मात्र तसे नाही हे लवकर कळते. एकाच गल्लीत कन्नड घरात ‘अप्पा’, तेलुगू घरात ‘नायना’, उर्दू बोलणाऱ्या घरात ‘अब्बा’ आणि मराठी घरात ‘बाबा’, ‘अण्णा’, ‘तात्या’ किंवा ‘दादा’ अशा हाका ऐकू येतात. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते आणि मग माणसाचे. त्यात वडिलांचे नाव असलेच पाहिजे असे नाही. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या अनेक तेलुगू कुटुंबांनी इथल्या कागदपत्रांसाठी मराठी पद्धत उचलली. म्हणजे मधल्या जागेवर वडील असणे ही एका प्रांताची रीत आहे. रीत असल्यामुळे ती बदलताही येते.

आता नियम काय आहे?

ही रीत राज्य सरकारने २०२४ मध्ये बदलली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ मे २०२४ पासून अंमलबजावणी ठरवली. नव्या क्रमानुसार आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. शाळेचे दाखले, परीक्षेची प्रमाणपत्रे, वेतनचिठ्ठी, महसुली कागदपत्रे यांसाठी हा क्रम आहे. अनाथ आणि तत्सम अपवादात्मक मुलांसाठी सूट ठेवली आहे. त्याआधी दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव वेगळ्या ओळीत येत होते. आता ते मुलाच्या नावाचाच भाग झाले.

आईचे नाव आले, तरी वडिलांचे गेलेले नाही. पण वडिलांचे नाव नसेल तर काय?

पासपोर्ट : डिसेंबर २०१६ मध्ये नियम शिथिल झाले. आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव पुरते.

पॅन कार्ड : डिसेंबर २०१८ पासून, आई एकटीच पालक असेल तर वडिलांचे नाव सक्तीचे नाही. अर्जात तसा पर्याय निवडता येतो.

जन्मदाखला : सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ च्या निकालात स्पष्ट केले की, अविवाहित आईने मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अर्ज केला तर तिच्याकडून प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा. वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. याच निकालानुसार वडिलांना नोटीस न पाठवताही तिला मुलाचे पालकत्व मिळू शकते.

जातीचा दाखला : आईवडील वेगवेगळ्या जातींचे असतील तर मुलाला आपोआप वडिलांचीच जात लागते, असे समजले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात हा समज दुरुस्त केला. वडिलांची जात गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक खोडून काढता येते. आई अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल, मूल तिच्याच समाजात वाढले असेल आणि त्याने तेच हाल सोसले असतील, तर तसा पुरावा देण्याचा हक्क मुलाला आहे. हन्नूरच्या सरपंचांना पडलेल्या कोड्याचे कायदेशीर उत्तर यायला जवळपास पाच दशके लागली.

कायद्याच्या नजरेत वडील कोण?

आई कोण, हे जन्माच्या वेळीच समजते. वडिलांच्या बाबतीत मात्र कायदा आधी गृहीतक धरून चालतो. वैध लग्न टिकून असताना मूल झाले, तर ते त्या नवऱ्याचेच मानले जाते. लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत जन्म झाला आणि आईने तोवर दुसरे लग्न केलेले नसेल, तरीही हेच लागू होते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ११२ व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहे. त्या काळात नवरा-बायको एकमेकांच्या सहवासात येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध केले तरच हे गृहीतक मोडते.

डीएनए चाचणीच्या जमान्यात हे जुनाट वाटू शकते. पण त्यामागचा विचार मुलाच्या बाजूचा आहे. नवरा-बायकोच्या भांडणात मूल पुरावा म्हणून वापरले जाऊ नये, यासाठी ही भिंत आहे. पुण्यातील एका कौटुंबिक वादात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच सांगितले. पत्नीवर संशय आहे म्हणून लहान मुलाची डीएनए चाचणी सरसकट मागता येणार नाही. आपण कोणाचे, हा संशय आयुष्यभर मुलाच्या मागे लावणे त्याच्या हिताचे नाही.

मग लग्नच झाले नसेल तर? इथे देखभाल आणि वारसा या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

देखभालीचा खर्च : मूल औरस असो वा अनौरस, अल्पवयीन मुलाचा खर्च देणे वडिलांना बंधनकारक आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिलेल्या सूत्रानुसार हा खर्च अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजायचा असतो. दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे तारखा लांबवत राहिल्याने रक्कम वाचत नाही.

वारसा : लग्न झाले, पण ते कायद्याने रद्दबातल ठरले (उदाहरणार्थ, पहिली पत्नी असताना केलेले दुसरे लग्न), तर अशा हिंदू विवाहातील मुले औरस मानली जातात. आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना वाटा आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आले असते त्यातही आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२३ रोजी दिला. मात्र लग्नाचा विधीच झाला नसेल, तर हिंदू वारसा कायदा मुलाचे नाते फक्त आईशी जोडतो. म्हणजे लिंबाळे यांच्यासारख्या परिस्थितीतील मूल आजही जन्मदात्याकडे लहानपणीचा खर्च मागू शकते, पण मृत्यूपत्र नसताना त्याच्या शेतजमिनीत वारस ठरणे कठीण आहे.

पालक म्हणून पहिला हक्क कोणाचा?

१९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात औरस मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असा क्रम आहे. अनौरस मुलासाठी तो उलटा आहे. तिथे आधी आई, मग वडील. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा मात्र साधारणपणे आईकडे असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे.

या क्रमाला लेखिका गीता हरिहरन यांनी आव्हान दिले. आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून त्यांची सही चालेना, तिथून वाद सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल देताना ‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ बदलला. तो ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा घ्यायचा नाही. वडील लांब असतील, मुलाकडे लक्ष देत नसतील किंवा आजारी असतील, तर आई त्याच क्षणी नैसर्गिक पालक ठरते. वडीलपणाचा कायदेशीर हक्क प्रत्यक्ष सांभाळाशी जोडणारा हा महत्त्वाचा निकाल होता.

कलमातले शब्द मात्र तेच राहिले. आईवडिलांना समान दर्जा द्यावा आणि विभक्त जोडप्यांसाठी संयुक्त ताब्याची सोय करावी, अशी शिफारस विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात केली आहे.

याची दुसरी बाजूही कौटुंबिक न्यायालयात दिसते. ताब्याच्या दाव्यात वडिलांना बहुतेक वेळा भेटीची वेळ मिळते. शनिवारी काही तास, सुट्टीतले काही दिवस. मुलाचे डॉक्टर कोण, वर्गशिक्षक कोण, तो कशाला घाबरतो, याची उत्तरे आईकडे असतात. वडिलांकडे असते फीची पावती. न्यायालय मुलाचे हित सर्वांत वर ठेवते आणि हित ठरवताना आजवर कोणी काय केले, हे पाहिले जाते. घर एकत्र असताना न दिलेला वेळ दावा दाखल झाल्यावर दाखवता येत नाही.

वेळेचा हिशेब काय सांगतो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील लोकांनी घरातल्यांच्या सांभाळाला किती वेळ दिला, हे मोजले. त्या दिवशी असे काम करणाऱ्या महिलांचे प्रमाण ४१ टक्के होते, तर पुरुषांचे सुमारे २१ टक्के. जे हे काम करतात त्यांच्यातही महिलांनी दिवसाला सरासरी १४० मिनिटे दिली, पुरुषांनी ७४. म्हणजे पाचांतील जवळपास चार पुरुष या कामात नाहीत. जो एक आहे, तो बाईच्या निम्मा वेळ देतो.

याला फक्त स्वभाव कारण नाही, कामाचे तासही आहेत. सोलापूर हे त्याचे चांगले उदाहरण. १८७७ मध्ये इथे जुनी गिरणी सुरू झाली आणि शहराचे घड्याळ गिरणीच्या भोंग्याला जोडले गेले. वडील पाळीला गेले की नाही, पाळी सुटली की नाही, यावर घरातले जेवण, झोप आणि धाक ठरत असे. वडील म्हणजे महिन्याचा पगार आणि पाळीवरून आल्यावर हवी असलेली शांतता, असे समीकरण अनेक गिरणगावांत तयार झाले.

मग गिरण्या बंद पडत गेल्या. जुनी गिरणी १९६३ मध्येच बंद झाली, पुढच्या दशकांत बाकीच्याही गेल्या. पगार हीच वडिलांची ओळख होती, ती एका नोटिशीने पुसली गेली. अनेक घरांचा भार बायकांच्या बिडीवर आला. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू, बाजूला रांगणारे मूल, हे चित्र पूर्व भागात आजही दिसते. आई कमावती झाली. पण मूल सांभाळण्याचे काम मात्र तिच्याकडेच राहिले, कारण ती ‘घरीच’ असते. वडील यंत्रमागावर गेले. तिथे बारा-बारा तासांची पाळी नवी नाही आणि मजुरी कामावर मिळते. खाडा झाला की पैसे गेले.

वडिलांना रजा मिळते का?

हे नोकरी कुठे आहे त्यावर अवलंबून आहे.

केंद्र सरकारी कर्मचारी : दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर पत्नीच्या बाळंतपणासाठी १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. प्रसूतीच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. वेळेत घेतली नाही तर बुडते. एकल पुरुष कर्मचाऱ्याला, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित वडिलांना, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजाही आहे. ही सुविधा पूर्वी फक्त महिलांना होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती एकल वडिलांना मिळाली.

राज्य सरकारी कर्मचारी : महाराष्ट्रात २०१८ पासून महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते.

खासगी नोकरी : महिलांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. वडिलांसाठी असा कायदा नाही. काही मोठ्या कंपन्या स्वतःच्या धोरणाने रजा देतात.

यंत्रमाग, बांधकाम, रिक्षा, हातगाडी : रजा नाही. बाळंतपणाच्या दिवशी गेलेली मजुरी हीच इथली पितृत्व रजा.

तुलनेसाठी स्वीडन पाहता येईल. तिथे १९७४ मध्ये आईची रजा ‘पालकांची रजा’ झाली. आज एका मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवस मिळतात. त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव आहेत. वडिलांनी आपले ९० दिवस घेतले नाहीत, तर ते आईला देता येत नाहीत. राखीव दिवस आल्यानंतर वडील रजा घेऊ लागले. रजा नुसती ‘हवी तर घ्या’ अशी असेल तर पुरुष ती घेत नाहीत, हा तिथला अनुभव आहे.

मूल सांभाळल्याने पुरुषात बदल होतो का?

होतो, आणि तो रक्तात मोजता येतो. फिलिपिन्समधील सेबू इथे ६२४ तरुणांचा साडेचार वर्षे अभ्यास झाला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात वडील झालेल्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी इतरांपेक्षा जास्त घटली. दिवसाला तीन तास किंवा अधिक मूल सांभाळणाऱ्यांमध्ये ती सर्वांत कमी आढळली. आईचे शरीर मुलासाठी बदलते, हे सर्वांना माहीत होते. सांभाळ करणाऱ्या बापाचेही शरीर बदलते, हे या अभ्यासाने आकड्यांत दाखवले. ‘बाळ सांभाळणे पुरुषाच्या रक्तातच नसते’ हे वाक्य त्यामुळे टिकत नाही.

याचा सोपा वापर प्रसूतीच्या वॉर्डातच करता येतो. वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले बाळ उघड्या छातीला लावून ठेवण्याच्या पद्धतीला ‘कांगारू केअर’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा बाळांसाठी जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू करण्याची शिफारस केली. दूध पाजणे आईलाच शक्य आहे, पण छातीची ऊब वडीलही देऊ शकतात. आई शस्त्रक्रियेतून सावरत असेल, तेव्हा तर त्याची गरज जास्त असते. डॉक्टरांना ‘मी बाळाला घेऊ का?’ एवढे विचारायला वडिलांनी वॉर्डाबाहेरच्या बाकावरून उठले पाहिजे.

वडील थकल्यावर काय?

कायद्याने हे नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. मुलांचा खर्च वडिलांकडून मागण्यासाठी जे कलम आहे, त्याच कलमाने स्वतःचे पोट भरू न शकणारे वडील मुलांकडून खर्च मागू शकतात. लग्न झालेली मुलगीही यातून सुटत नाही. महाराष्ट्रातील एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तसे स्पष्ट केले.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ६० वर्षांवरील आईवडिलांना प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. ज्या घरात वडिलांची ओळख फक्त पगाराची होती, तिथे पगार थांबल्यावर हे अर्ज येण्याचा धोका जास्त. आदेशाने पैसे मिळतात. समोर बसून कोणी दोन शब्द बोलावे, हे मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाला सांगता येत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत काय तपासाल?

• मुलाचे नाव जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीत एकाच क्रमाने, एकाच स्पेलिंगने आहे का, ते पाहा. पुढे दुरुस्ती करणे त्रासाचे असते.

• आई एकटी पालक असेल आणि वडिलांच्या नावासाठी अडवणूक होत असेल, तर कोणत्या नियमाखाली नाव मागत आहात, हे लेखी विचारा. २०१५ चा निकाल सोबत ठेवा.

• देखभालीचा दावा करायचा असेल तर थांबू नका. रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे मोफत मदत मिळते.

• वडिलांसाठी : अर्जात वर्गशिक्षकाच्या संपर्कासाठी आईचा नंबर दिला असेल, तर स्वतःचाही द्या. पालकसभेला निदान आलटूनपालटून जा.

हन्नूरचे ‘दादा’

‘अक्करमाशी’मध्ये आणखी एक माणूस आहे. लिंबाळे यांच्या आजीसोबत राहणारा, हमाली करून पोट भरणारा एक मुसलमान गृहस्थ. रक्ताचे नाते नाही, जातीचे नाही, धर्माचेही नाही. गावाच्या हिशेबात आजीशीही त्याचे नाव जोडलेले नव्हते. पण पोराला सांभाळले ते त्याने. तो पोरगा त्याला ‘दादा’ म्हणत असे.

शाळेच्या रजिस्टरवर पाटलाचे नाव लागले, तेही मुख्याध्यापकांनी हट्ट धरला म्हणून. दादांचे नाव कुठल्याच रकान्यात आले नाही. त्यांच्यासाठी रकाना तेव्हा नव्हता आणि नव्या अर्जातही नाही. मूल दत्तक घेतलेले नसेल किंवा कोर्टाने पालक नेमलेला नसेल, तर सांभाळणाऱ्या सावत्र वडिलांना, मामाला, आजोबांना कागदावर अजूनही जागा नाही.

जन्मदात्याचे नाव मिळणे हा मुलाचा हक्क आहे. कोणी ते नाकारत असेल तर त्यासाठी भांडावे लागते. १९९९ पासूनचे निकाल आणि २०२४ चा नवा क्रम यांमुळे ते भांडण थोडे सोपे झाले आहे. पण लिंबाळे यांनी मोठेपणी लिहायला घेतले, तेव्हा वडिलांचे आडनाव मुखपृष्ठावर होते आणि आतल्या पानांत मायेने आठवले गेले ते दादा.

यंदा शाळेचा अर्ज भरताना वडिलांच्या रकान्यात नाव सहज लिहिले जाईल. १५ जूनच्या आसपास शाळेची घंटा वाजेल. पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाचे बोट धरून फाटकापर्यंत कोण आले, याची नोंद शाळा ठेवत नाही. मूल मात्र ती ठेवते.